मोटारीचे बूड आणि पाण्याची वाट

दसऱ्याच्या सकाळी ज्या मोटारीच्या बॉनेटवर झेंडूची माळ चढते, जिच्या काचेखाली हळदकुंकवाची बोटे उमटतात आणि जिच्या चाकाखाली लिंबू ठेवले जाते, त्या मोटारीच्या आतली रबरी चटई उचलून खालच्या पत्र्याची काय अवस्था आहे हे पाहण्याची बुद्धी पूजा करणाऱ्या यजमानास क्वचितच होते. आणि म्हणूनच, आजोबांकडून नातवाकडे वारसाहक्काने आलेल्या गाडीचे इंजिन धडधाकट, रंग चकचकीत आणि बूड मात्र चाळणीसारखे, असा देखावा गॅरेजात वारंवार पाहावयास मिळतो. इंजिन बिघडले तर ते आवाज करते, ब्रेक बिघडला तर पायाला कळते. तळपत्रा मात्र मुकाट्याने सडत राहतो, आणि एखाद्या दिवशी टाचेखाली पळता रस्ता दिसू लागतो तेव्हाच मालकास त्याची वर्दी पोचते.

प्रस्तुत लेखात जी पद्धत सांगावयाची आहे ती सर्वच जुन्या मोटारींना थोड्याफार फरकाने लागू पडते. तथापि उदाहरणादाखल मी आपल्या मुंबईचीच गाडी घेतो. शेठ वालचंद हिराचंद यांनी 1944 साली स्थापिलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून 1964 पासून जी फियाट 1100 'डिलाइट' बाहेर पडू लागली, आणि जी पुढे प्रथम 'प्रेसिडेंट' व मग 1974 च्या सुमारास 'पद्मिनी' या नावाने ओळखली गेली, तिचे तळपत्रे दुरुस्त करण्याचा प्रसंग मजवर दोनदा आला. पहिल्या वेळी मी घाईत होतो. एका गॅरेजवाल्याने कुजलेल्या भागावर नवा पत्रा ठेवला, तो रिव्हेटांनी ठोकला, वरून डांबर फासले आणि गाडी चौथ्या दिवशी माझ्या हवाली केली. तीन पावसाळे गेले, आणि चालकाच्या आसनाचा एक पाय त्या नव्या पत्र्यासकट खाली खचला. उघडून पाहता असे आढळले की दोन पत्र्यांच्या मधल्या सांदीत पाणी कोंडून राहिले होते आणि त्याने जुना पत्रा तर खाल्लाच होता, परंतु नवाही आतून पोखरला होता. दोष केवळ त्या कारागिराचा होता असे मी म्हणणार नाही. भोक बुजवून हवे असे मीच सांगितले होते, आणि त्याने ते बुजवले. पाणी कोठून येते हे त्याने विचारले नाही, व मीही विचारले नाही.

तळपत्रा म्हणजे केवळ पाय ठेवण्याची जागा नव्हे

जीपसारख्या वाहनांत भक्कम चॅसिस स्वतंत्र असते आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली असते. अशा गाडीचा तळपत्रा सडला तर गैरसोय मोठी होते, परंतु सांगाडा उभा राहतो. फियाट 1100 काय किंवा हिंदुस्थान मोटर्सची अॅम्बॅसडर काय, यांची रचना निराळी आहे. येथे चॅसिस नावाची वेगळी वस्तूच नसून तळपत्रा, दाराखालून जाणाऱ्या पोकळ पट्ट्या (ज्यांना गॅरेजात 'सिल' म्हणतात), आडव्या पट्ट्या, मधला उंचवटा आणि वरचे छप्पर हे सर्व मिळून एकच पेटी तयार होते व तीच पेटी सारा भार वाहते. ज्याप्रमाणे खोक्याचा तळ कापला की त्याच्या बाजू हातांत लुळ्या पडतात, त्याप्रमाणे अशा गाडीचा तळ व सिल कमकुवत झाले की दारे नीट लागेनाशी होतात, जॅक लावला की दाराची फट उघडझाप करते, आणि अपघाताच्या वेळी ज्या पेटीने आतील माणसांना सांभाळावयाचे तीच प्रथम चुरगळते. यास्तव या कामाची गणना डेंटिंग-पेंटिंगच्या शृंगारात न करता घराच्या पायाच्या दुरुस्तीत करावी.

आता गंज चढतो तो कसा, हेही थोडक्यात समजून घेतले पाहिजे, कारण शत्रूची चाल ठाऊक नसता केलेली तटबंदी व्यर्थ ठरते. लोखंडास गंजण्यासाठी पाणी आणि प्राणवायू या दोहोंची गरज असते. त्यांत मीठ मिसळले की ती क्रिया झपाट्याने होते, आणि म्हणून गिरगाव, दादर, रत्नागिरी किंवा मडगाव येथे खाऱ्या वाऱ्यात उभी राहिलेली गाडी सोलापूर वा नागपूरच्या गाडीहून कितीतरी आधी सडते. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत वाढत असल्याने दोन पत्र्यांच्या जोडात शिरलेला गंज फुगतो, जोड उलतो, आणि उललेल्या जोडात आणखी पाणी शिरते. दिल्लीच्या कुतुबमिनाराजवळील लोहस्तंभ सुमारे 1600 वर्षे उघड्यावर उभा आहे, याचे एक कारण त्या लोखंडातील स्फुरदाचे प्रमाण असून त्यामुळे पृष्ठभागावर फॉस्फेटचा संरक्षक थर धरला, असे आय.आय.टी. कानपूरचे प्रा. आर. बालसुब्रमण्यम यांनी आपल्या संशोधनातून दाखविले. परंतु त्या स्तंभावर पडलेले पाणी वाहून जाते व तो उन्हात लगेच कोरडा होतो, ही गोष्टही तितकीच महत्त्वाची आहे. मोटारीच्या तळाशी नेमके उलट घडते: चटईखालचा नमदा एकदा भिजला की तो आठवडेच्या आठवडे वाळत नाही.

मुहूर्त आणि खबरदारी

या कामास मुहूर्त पाहावयाचाच असेल तर तो दसऱ्यानंतरचा पाहावा आणि मृग नक्षत्र लागण्यापूर्वी अंडरकोटिंगपर्यंत सारे उरकावे. पावसाळी हवेत घासून स्वच्छ केलेला उघडा पत्रा काही तासांतच तांबूस पडू लागतो, आणि अशा पत्र्यावर चढवलेला प्रायमर म्हणजे ओल्या भिंतीवरची सफेदी होय.

ठिणगीला हात घालण्यापूर्वी पुढील गोष्टी कटाक्षाने कराव्यात, आणि त्यांपैकी एकीचीही सवलत स्वतःला देऊ नये. बॅटरी सोडवून बाहेर काढावी. पेट्रोलची टाकी उतरवून गॅरेजाबाहेर दूर ठेवावी, कारण रिकामी टाकी ही भरलेल्या टाकीहून अधिक धोकादायक असते; तिच्यात उरलेली वाफ एका ठिणगीने भडकते. तळाखालून गेलेल्या पेट्रोलच्या व ब्रेकच्या नळ्या, तसेच विजेच्या तारा, कापावयाच्या जागेपासून सोडवून बाजूस कराव्यात. आसने, चटया, नमदे व आतील अस्तर हे सर्व काढावे. तळाच्या आतल्या बाजूस चिकटवलेले डांबरी थर खरवडून टाकावेत, कारण वेल्डिंगच्या उष्णतेने ते धुमसतात. जवळ अग्निशामक नळकांडे, वाळूची बादली व भिजवलेली पोती असावीत, आणि वेल्डिंग करणाऱ्याखेरीज एक मनुष्य केवळ ठिणग्यांवर पहारा करण्यासाठी नेमावा. काम थांबल्यावरही अर्धा-पाऊण तास तेथून हलू नये. जुन्या रंगात शिशाचा अंश असण्याचा संभव असल्याने घासताना साध्या रुमालावर न भागवता योग्य मुखपट्टी व चष्मा वापरावा. आणि गाडीखाली शिरावयाचे ते घोड्यांवर (लोखंडी स्टँडांवर) गाडी पक्की बसवूनच. नुसत्या जॅकच्या भरवशावर नव्हे.

पंचनामा

कोणत्याही फौजदारी प्रकरणात आधी पंचनामा होतो आणि मग आरोपपत्र. येथेही तोच जाबता पाळावा. गाडी आतून रिकामी झाली की टोकदार पेचकस व लहान हातोडी घेऊन तळाच्या प्रत्येक वीतभर जागेवर ठोकत जावे. निरोगी पत्रा खणखणीत वाजतो. कुजलेल्या पत्र्याचा आवाज बद्द येतो आणि पेचकस दाबला की तो आत शिरतो. पेचकसाला दया शिकवू नये, कारण आज ज्या जागी तो शिरला नाही म्हणून आपण समाधान मानतो तेथेच दोन वर्षांनी टाच शिरते. सडलेल्या भागाभोवती खडूने रेघ ओढावी, निरोगी धातू जेथे निश्चित लागला तेथपर्यंत ती सरकवावी, आणि तिच्याही पलीकडे आणखी 20 ते 25 मिलिमीटर जागा सोडून कापण्याची खूण करावी.

फियाटमध्ये, आणि बहुतेक सर्व जुन्या गाड्यांत, ज्या जागा आवर्जून तपासावयाच्या त्या या: चालकाच्या व शेजारच्या आसनासमोरील पायांची जागा, तळपत्रा सिलला जेथे मिळतो तो लांबच लांब जोड, आसनांचे पाय जेथे बोल्टांनी बसतात तेथील जाड पट्ट्या, जॅक लावण्याच्या जागा, मागील पाटे-स्प्रिंगांची टोके जेथे बॉडीला अडकतात ते भाग, आणि डिकीतील जादा चाकाचा खळगा. यांपैकी स्प्रिंगांच्या जागा व सिल हे भाग सडले असतील तर केवळ तळपत्रा बदलून गाडी रस्त्यावर आणणे हा मोठा अपराध समजावा.

पंचनाम्याबरोबर दप्तरही तयार करावे. प्रत्येक भागाची कापण्यापूर्वीची छायाचित्रे घ्यावीत, ज्या खाचा, भोके, रबरी बुचे व कंगोरे आहेत त्यांची मापे वहीत टिपून ठेवावीत, आणि समोरासमोरच्या ठराविक बिंदूंमधली कर्णाची अंतरे मोजून लिहावीत. काम पूर्ण झाल्यावर ही अंतरे पुन्हा मोजून रुजवात घालता येते. दोन्ही कर्ण पूर्वीइतकेच भरले तर पेटी वाकडी झालेली नाही असे खात्रीने म्हणता येते.

पत्र्याचा हिशेब झाला की पाण्याचा करावा, आणि या लेखातील मुख्य सांगणे हेच आहे: ज्या वाटेने पाणी आले ती वाट सापडल्याशिवाय एकही तुकडा कापू नये. यासाठी एक साधी युक्ती सांगतो. उघड्या, कोरड्या तळावर रांगोळीची बारीक भुकटी पातळ पसरावी, आत एका माणसास विजेरी देऊन बसवावे आणि बाहेरून नळीने पाणी सोडावे. प्रथम केवळ पुढच्या काचेच्या कडेवर, नंतर काचेखालच्या हवेच्या जाळीवर, मग एकेका दारावर, शेवटी मागच्या काचेवर व डिकीवर. प्रत्येक टप्प्यास पाच-दहा मिनिटे द्यावीत. पाण्याचा पहिला थेंब भुकटीत आपली वाट काढतो आणि उगमापर्यंत तिचा माग घेता येतो. बहुधा पुढच्या काचेचे कडक झालेले रबर, जाळीखालच्या पन्हळीत साचलेली पाने, दाराच्या तळाशी असलेली बुजलेली निचऱ्याची भोके किंवा दाराच्या अस्तरामागचा फाटलेला जलरोधक कागद यांपैकी एखादा गुन्हेगार सापडतो. पायांच्या पेडलांजवळचा पत्रा विशेष सडला असेल तर ब्रेकचे तेल झिरपते काय तेही पाहावे; ते तेल रंग खाते, आणि रंग गेलेल्या पत्र्यास मग गंजाचे आमंत्रण द्यावे लागत नाही.

आधार आणि छेद

सिल अथवा तळाचा मोठा भाग कापावयाचा असेल तर आधी पेटीस आधार द्यावा. गाडीचे वजन एरवी चाकांवर ज्या रीतीने पडते तसेच पडेल, म्हणजे पुढे सस्पेन्शनखाली व मागे अॅक्सलखाली, अशा घोड्या लावून ती समपातळीत आणावी. दारे उघडून-लावून त्यांच्या फटी सारख्या आहेत याची खातरजमा करावी. आणि मग दाराच्या चौकटीत आडवे व तिरपे चौकोनी नळ तात्पुरते वेल्ड करून चौकट जखडून टाकावी. आधीच खचलेल्या गाडीला तशाच अवस्थेत जखडल्यास तो वाकडेपणा कायमचा होतो, म्हणून फटींची तपासणी जखडण्यापूर्वीच व्हावयास हवी. एका वेळी एकच बाजू कापावी, ती पूर्ण जोडावी, आणि मगच दुसऱ्या बाजूस हात लावावा. दोन्ही बाजू एकदम उघडण्याचा मोह भल्याभल्या डेंटरांना होतो आणि त्याची किंमत दाराच्या तिरक्या फटींत मोजावी लागते.

कापण्यासाठी पातळ चकतीचा ग्राइंडर चांगला. जेथे मूळ जोड कारखान्यातील स्पॉट वेल्डिंगचा आहे तेथे प्रत्येक ठिपका शोधून त्यावर विशिष्ट ड्रिल चालवून वरचाच पत्रा सोडवावा, म्हणजे खालची निरोगी पट्टी शाबूत राहते व नव्या पत्र्यास बसण्यास तयार बैठक मिळते. कापलेल्या भागाचे कोपरे काटकोनी न ठेवता गोलसर ठेवावेत, कारण ताण नेहमी कोपऱ्यात गोळा होतो व चीर तेथूनच सुरू होते.

कापलेला जुना तुकडा भंगारात टाकू नये. तो कितीही विदीर्ण असला तरी नव्या तुकड्याचा नकाशा तोच असतो.

नवा पत्रा

या गाड्यांचे तयार तळपत्रे कधी कधी कुर्ल्याच्या भंगारपेठेत अथवा जुन्या सुट्या भागांच्या दुकानांत मिळतात. मिळाल्यास तपासून घ्यावेत, परंतु न मिळाल्यास हताश होण्याचे कारण नाही. सीआर पत्रा, म्हणजे थंड लाटलेला सौम्य पोलादाचा पत्रा, 20 गेजचा (सुमारे 0.9 मिलिमीटर) सर्वसाधारण तळास पुरतो, आसनांच्या पायांखालील व इतर भारवाही पट्ट्यांसाठी 18 गेज (सुमारे 1.2 मिलिमीटर) घ्यावा. जाड पत्रा म्हणजे मजबूत काम ही समजूत चुकीची आहे. जाड व पातळ पत्र्यांचा जोड वेल्ड करताना पातळ बाजू जळते, आणि वजनही नाहक वाढते. जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गंजास तोंड देतो हे खरे, परंतु वेल्डिंगच्या वेळी त्यातून निघणारा पांढरा धूर हुंगल्यास संध्याकाळी हुडहुडी भरून ताप येतो. म्हणून तो वापरणे झाल्यास जोडाच्या कडेवरील जस्त घासून टाकावे आणि उघड्या हवेतच काम करावे.

प्रथम पुठ्ठ्याचा नमुना कापावा, तो जागेवर बसवून पाहावा, कातरून-चिकटवून त्यात दुरुस्त्या कराव्यात, आणि पूर्ण समाधान झाल्यावर मगच पत्र्यास कात्री लावावी; पुठ्ठ्यावरील चूक आण्याची असते, पत्र्यावरील रुपयाची. मूळ तळावर ज्या लांबट पन्हळी ठसवलेल्या असतात त्या शोभेच्या नसून त्यांनीच पातळ पत्र्यास ताठपणा येतो. सपाट पत्रा बसवला तर तो पायाखाली डबडब करतो आणि गाडी धावताना ढोलासारखा घुमतो. कठीण लाकडात तशी खाच कोरून, पत्रा तीवर ठेवून, गोल तोंडाच्या साधनाने हळूहळू ठोकत गेल्यास घरच्या घरीही पन्हळ काढता येते. ठोकण्याची घाई केली तर पत्रा ताणला जाऊन फुगतो; म्हणून एका फटक्यात खोली गाठण्याऐवजी खाचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चार-पाच फेऱ्या माराव्यात.

जोड

आपल्याकडील जुने डेंटर गॅस वेल्डिंगवर वाढले, आणि त्यांच्या हाताची सफाई वादातीत आहे. तथापि तळपत्र्यासारख्या विस्तीर्ण व पातळ भागास गॅसची पसरट उष्णता वाकवते. साध्या काडीच्या विद्युत-वेल्डिंगने तर पातळ पत्र्यास भोकेच पडतात. यास्तव ज्यास गॅरेजात सीओ-टू वेल्डिंग म्हणतात त्या पद्धतीने, 0.6 अथवा 0.8 मिलिमीटर तारेने, हे काम करावे.

जोड दोन प्रकारचे. जेथे दोन्ही कडा समोरासमोर आणता येतात तेथे मध्ये तारेच्या जाडीएवढी फट ठेवून कडेला कडा जोडावी. हा जोड उत्तम, कारण त्यात पाणी लपण्यास सांदच राहत नाही. जेथे पत्र्यावर पत्रा चढवणे अपरिहार्य आहे, उदाहरणार्थ सिलच्या पट्टीवर, तेथे वरच्या पत्र्यास 6 ते 8 मिलिमीटरची भोके 30-40 मिलिमीटर अंतरावर पाडून, दोन्ही पृष्ठभाग चकचकीत घासून, त्यांवर वेल्डिंग सोसणारा जस्तयुक्त प्रायमर लावून, पत्रे घट्ट आवळून, ती भोके वेल्डने भरावीत; कारखान्यातील स्पॉट वेल्डिंगची जागा हे भरीव ठिपके घेतात. मात्र जोडावयाचा नवा पत्रा आणि ज्यावर तो बसणार ती जुनी कड हे दोन्ही निखळ निरोगी असले पाहिजेत. गंजावर वेल्ड धरत नाही, धरल्यासारखा दिसतो.

आडव्या चढत्या जोडात कोणती कड वर व कोणती खाली हाही विचार करावा. कौलारू छपरावर कौले अशी लावतात की पाणी उतरताना कडेवरून पुढे जाते, तिच्या आत शिरत नाही. गाडीच्या तळाशी पाणी पुढून मागे वेगाने फेकले जाते, म्हणून पुढचा पत्रा खाली व मागचा त्याच्यावर असा जोड ठेवावा, म्हणजे खालून दिसणारी उघडी कड मागे तोंड करून राहते.

वेल्डिंगची सलग रेघ ओढू नये. शिंपी ज्याप्रमाणे आधी कच्चे टाके घालतो त्याप्रमाणे प्रथम चारी कोपऱ्यांत एकेक टाका मारावा, मग समोरासमोरच्या कडांच्या मध्यावर, मग त्यांच्याही मध्ये. टाक्यांतील अंतर 25-30 मिलिमीटरवर आले की एका टाक्याशेजारी दुसरा मारीत, पण दर वेळी जागा बदलून, हाताला पत्रा सोसवेल इतका निवू देत, रेघ पूर्ण करावी. ओल्या फडक्याने घाईघाईने थंड करण्याची रीत टाळावी. शेवटी वेल्डचा उंचवटा घासताना पत्रा पातळ होणार नाही इतपतच ग्राइंडर फिरवावा. बुडाशी कोणी आरसा लावून पाहणार नाही, तेथे सौंदर्यापेक्षा जाडी मोलाची.

सीलबंदी

वेल्डिंगने समोरच्या बाजूचाच नव्हे तर पाठीमागचाही रंग जळतो, ही गोष्ट विसरणाऱ्यांची संख्या मोठी आहे. आणि दुरुस्त केलेला तळ दोन वर्षांत पुन्हा सडण्याचे ते एक सामान्य कारण आहे. म्हणून दोन्ही बाजू घासून, पुसून, तेलाचा अंश काढून टाकाव्यात. निरोगी पत्र्याच्या खळग्यांत जो थोडा गंज चिकटून राहतो त्यावर फॉस्फरिक आम्लाचे द्रव्य लावावे, आणि डब्यावरील सूचनेप्रमाणे त्याचा उरलासुरला अंश काढून पत्रा पूर्ण कोरडा होऊ द्यावा. लोहस्तंभाचा जो थर धरण्यास वर्षानुवर्षे लागली त्याचा धाकटा भाऊ आपण येथे काही तासांत निर्माण करतो असे म्हणण्यास हरकत नाही. पण सुटे पापुद्रे न काढता वरून हे द्रव्य चोपडल्यास पापुद्र्यांसकट तेही गळून पडते.

त्यानंतर दोन्ही बाजूंस एपॉक्सी प्रायमरचे दोन हात, त्यावर प्रत्येक जोडावर आतून व बाहेरून सीम सीलर, मग रंग, आणि खालून अंडरकोटिंग, असा क्रम ठेवावा. केवळ रेड ऑक्साइड लावून थांबू नये. तो ओल शोषून घेतो. सिल व आडव्या पट्ट्यांच्या पोकळीत मेणयुक्त द्रव लांब नळीने फवारावा, आणि हे काम सर्वांत शेवटी करावे, कारण मेणाजवळ पुन्हा वेल्डिंग करणे म्हणजे आगीस निमंत्रण. निचऱ्याची मूळ भोके सीलरने वा अंडरकोटिंगने बुजली नाहीत ना, हे तारेने टोचून पाहावे. जाड डांबर फासण्याचा जुना रिवाज सोडून द्यावा. डांबर कालांतराने तडकते, तड्यांतून पाणी शिरते, आणि वरून सारे काळेभोर दिसत असल्याने आत काय चालले आहे ते मालकास कधीच कळत नाही. इंजिनाचे जळके तेल तळाशी मारण्याचा प्रघातही असाच त्याज्य आहे. त्याने धूळ चिकटते आणि सस्पेन्शनची रबरे फुगून मऊ पडतात.

लांबी (पुट्टी), फायबरचे कापड, सिमेंट आणि रिव्हेट यांविषयी वेगळे प्रकरण लिहिण्याची गरज नाही. तळाच्या कामात त्यांस प्रवेश नाही.

चटई अंथरण्यापूर्वी रांगोळीची परीक्षा पुन्हा एकदा घ्यावी. तळ कोरडा राहिला तरच काम पुरे झाले.

कायद्याची बाजू

केंद्रीय मोटार वाहन नियमांत 2021 साली झालेल्या फेरफारानुसार प्रथम नोंदणीपासून 50 वर्षे उलटलेल्या दुचाकी व चारचाकी वाहनांस 'व्हिंटेज' म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळू शकते. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये, मुदत 10 वर्षे आणि फेरनोंदणीचे शुल्क 5,000 रुपये आहे. या सवलतीची अट अशी की वाहन मूळ स्वरूपात राखलेले असावे आणि त्याच्या चॅसिस, बॉडी वा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. अर्थात तळाची दुरुस्ती मूळ आकाराबरहुकूम करणे, पन्हळी जशाच्या तशा काढणे, आणि चॅसिस क्रमांक ठसवलेला भाग कापणे, झाकणे वा घासणे कटाक्षाने टाळणे, हे केवळ रसिकतेचे लक्षण नसून मालकाच्या हिताचेही आहे. कामापूर्वीची छायाचित्रे, मापांची वही आणि सामानाच्या पावत्या एका फायलीत जपून ठेवल्यास आर.टी.ओ.च्या तपासणीत दुरुस्ती आणि फेरफार यांतील भेद दाखवण्यास तोच दस्तऐवज उपयोगी पडतो.

मुंबईच्या रस्त्यांवरील काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी 2023 च्या ऑक्टोबरात निवृत्त झाली, आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून ही गाडी निघणे तर त्याच्याही कितीतरी आधी बंद झाले. तेव्हा ज्या गाड्या खासगी मालकांच्या दारांत उभ्या आहेत त्यांची संख्या येथून पुढे घटणार, वाढणार नाही. माझी फियाट दुसऱ्या दुरुस्तीनंतर सात पावसाळे पाहून उभी आहे. दर वर्षी मृगापूर्वी एकदा व दसऱ्याला एकदा मी तिची चटई उचलतो, तळावरून कोरडा तळहात फिरवतो आणि निचऱ्याची भोके तारेने साफ करतो. या साऱ्यास पाऊण तास लागतो. वाचकांपैकी ज्यांच्या दारात अशी गाडी असेल त्यांनी येत्या दसऱ्याला माळ घालण्याआधी चटई उचलावी, एवढीच विनंती.